वन्सं, फळा अजून पुसला नाही

वन्सं,

परवा तुमचा दहावा झाला. इंद्रायणीच्या काठावर पिंड मांडले, आम्ही चार पावलं मागं सरकतोय तोवर कावळा शिवलासुद्धा. गुरुजींनी समाधानानं मान हलवली. "ताईची कसलीच इच्छा राहिली नव्हती," असं म्हणत ह्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

मला मात्र रागच आला. राहिली नव्हती म्हणजे काय? आपला वाद राहिला होता की! इतकी वर्षं सकाळच्या चहाबरोबर चघळलेला वाद अर्धा टाकून तुम्ही निघून गेलात आणि वर कावळ्याला लगेच धाडून दिलंत. थोडं ताटकळत ठेवलं असतं तर मला निदान वाटलं असतं, की बाई अजून उत्तर शोधतायत.

आपलं भांडण कशावरून होतं हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. नणंद-भावजयीला भांडायला काय कमी कारणं असतात? दागिने आहेत, वाटण्या आहेत, आमटीतलं मीठ आहे. आपण भांडायचो ते चार लोकांना माहिती कळवायला न्यूजग्रुप बरा की ईमेल बरी, यावरून. हे म्हणायचे, "लोणावळ्यात, या तुंगार्लीत एवढे बंगले आहेत, पण असलं खूळ एकाही बंगल्यात सापडायचं नाही. ते नेमकं आमच्या तीन खोल्यांत."

तुम्ही टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालात आणि घरात कॉम्प्युटर आणलात. लोकांनी निवृत्तीनंतर काशीला जायचं, तुम्ही इंटरनेटवर गेलात. एक्सचेंजमधल्या एका जुन्या सोबत्याला हाताशी धरून मावळातल्या लोकांसाठी न्यूजग्रुप काढलात. त्याला तुम्ही फळाच म्हणायचात. कुणीही यावं, लिहावं, कुणीही वाचावं, खाली उत्तर द्यावं. कामशेतहून पवनानगरला शेवटची जीप कधी, भातावर करपा कशानं आला, कुणाची म्हैस चुकली, कुणाला सापडली. "आयुष्यभर मी एकाला एकाशी जोडून दिलं," असं तुम्ही मला सांगितलं होतं. "मधे तिसऱ्यानं ऐकायचं नाही, हीच नोकरी. आता मला सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकलेलं बघायचंय."

आणि मी पडले हॉटेलातल्या बुकिंगच्या टेबलावरची बाई. दिवसभर ईमेलला उत्तरं द्यायची, ज्याचं त्याला, नावानिशी. माझं म्हणणं एकच होतं. ज्याला माहिती हवी त्याच्या दारात ती चालत गेली पाहिजे. फळ्यासमोर येऊन कोण बसणार? ईमेल आली की माणसाला कळतं, हे मला लिहिलंय, आता मला उत्तर द्यायला हवं. फळ्यावर लिहिलेलं सगळ्यांचं असतं, म्हणजे कुणाचंच नसतं.

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. तुमचं ते कप खाली ठेवणं मला पक्कं ठाऊक होतं, आता काहीतरी येणार.

"तुझी ईमेल म्हणजे नावं घालून दिलेलं आवतण," तुम्ही म्हणालात. "एक नाव सुटलं की सोयरा जन्माचा रुसला. माझा फळा म्हणजे चूलबंद आवतण. आज गावात कुणी चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी यायचं."

"चूलबंद आवतणाला गर्दी होते वन्सं, पण आपल्याला कुणी बोलावलंय असं कुणालाच वाटत नाही."

"जेवायला तर मिळतं ना!"

मी कप उचलून आत गेले. तुमच्याशी वाद घालताना माझी अर्धी वाक्यं मोरीतच संपायची.

एका पावसाळ्यात मला वाटलं, आता मी जिंकले. कुणीतरी गटावर लिहून टाकलं की धरणाचं पाणी सोडलंय. नदीकाठच्या लोकांची धावपळ उडाली, पंप काढले, गुरं वर नेली, आणि पाणी काही सुटलेलंच नव्हतं. मी तुमच्यासमोर येऊन उभी राहिले. म्हटलं, बघा तुमचा फळा! कुणीही यावं, टपली मारून जावं. तुम्ही मला खुर्चीत बसवलंत आणि खालचे निरोप वाचायला लावलेत. पवनानगरच्या कुणीतरी लिहिलं होतं, मी आत्ता धरणाखालूनच आलोय, पाणी नाही. खाली आणखी एकानं तेच. मग आणखी एकानं. शेवटी ज्यानं आवई उठवली त्यानंच लिहिलं होतं, माझी ऐकण्यात चूक झाली, माफ करा. "खोटं जिथं लिहिलं तिथंच खोडलं गेलं," तुम्ही म्हणालात. "तुझ्या मेलनं खोटं दहा घरी गेलं असतं आणि दुरुस्ती नऊ घरी." मी म्हटलं, पण पंप उगाच काढले त्याचं काय. तुम्ही म्हणालात, "पंपाला तेवढाच व्यायाम."

पण एकदा मीही तुम्हाला गप्प केलं होतं, ते विसरला नसाल. कामशेतच्या बाजूच्या एका बाईनं तुमच्या गटावर करप्यावरचं औषध विचारलं होतं. तिला विचारूनच हे इथं लिहितेय. त्याच बाईनं तुमच्याकडून माझा पत्ता घेऊन मला वेगळी मेल लिहिली, की छातीत गाठ लागतेय, घरात कुणाला बोलले नाही, तुम्ही लोणावळ्यात राहता तर एखादी डॉक्टरीण माहीत आहे का. मी तिला घेऊन गेले. गाठ साधी निघाली, बाई रडली, मग आम्ही दोघींनी भजी खाल्ली. घरी येऊन मी तुम्हाला एवढंच म्हटलं, "हे तिनं फळ्यावर लिहिलं असतं का?" तुम्ही खिडकीकडं तोंड फिरवलंत. मग म्हणालात, "नसतं लिहिलं." तुमच्या तोंडून ते दोन शब्द ऐकायला मला किती वर्षं थांबावं लागलं होतं! जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तुमचा चेहरा उतरलेला मला कधी बघवलाच नाही.

नंतर व्हॉट्सॲप आलं आणि आपल्या दोघींची दुकानं एकदमच बसली. त्या एका गोष्टीवर आपली युती होती. तुम्ही त्याला जत्रा म्हणायचात. सकाळी फुलं, दुपारी देव, संध्याकाळी राजकारण, आणि कालचं विचाराल तर काल वाहून गेला. तुमच्या फळ्यावर मात्र कुठल्याशा जुन्या पावसाळ्यात कुणी लिहिलेलं औषध अजून सापडायचं. माझ्या इनबॉक्समध्येही सापडायचं म्हणा, पण ते मला एकटीला. हा मुद्दा तुमचा. आज देऊन टाकते.

लोक पांगले तरी तुमची हजेरी चुकली नाही. भात कापणीच्या दिवसांत तुम्ही ती सुरू केली होती. कापलेलं भात वावरात पसरलेलं असताना कुठं ढग आलेत, कुठं ऊन आहे, हे एकमेकांना कळावं म्हणून. पुढं कापणी संपली तरी हजेरी राहिली. सकाळी पहिल्या चहाच्या आधी तुम्ही लिहायचात, "तुंगार्लीत धुकं. तुमच्याकडं?" मग एकेक उत्तर यायचं. कामशेत, ऊन. पवनानगर, ढगाळ. शेवटी ठाकरवाडीतल्या बबनभाऊंचं ठरलेलं, "हितं ऊन. आक्का, बऱ्या हाव ना?" धरणाच्या वरच्या अंगाला वाडी त्यांची. सुनेच्या मोबाईलवर एका बोटानं लिहायचे, म्हणून सगळ्यांच्या मागून यायचे. एकदा नाचणी घेऊन घरी आले तेव्हा तुम्हाला बघून म्हणाले होते, "आक्का, मला वाटलं तुमी लय उंच असाल." तुम्ही दिवसभर हसत होतात.

मला तुमचा फळा पटला नाही, पण ही हजेरी मी आतल्या खोलीतून चोरून वाचायचे. एक अक्षर कधी लिहिलं नाही. मानी बाई मी!

आणि मग तुमची ती मेल आली.

एका घरात राहत होतो आपण. पुढच्या खोलीतून हाक मारली की स्वयंपाकघरात ऐकू यायची. इतक्या वर्षांत तुम्ही मला ईमेल अशी केली नव्हती, तत्त्वाचा प्रश्न होता ना. मी कणीक मळत होते, मोबाईल वाजला. मला वाटलं हॉटेलचं काहीतरी असेल. तुम्ही लिहिलं होतं, "रिपोर्ट आलाय. चांगला नाही. तुझ्या नवऱ्याला मी सांगेन, तू सांगू नकोस. आणि चहात साखर कमी घाल, काल पाक झाला होता."

कणकेच्या हातानं मी पुढच्या खोलीत आले. तुम्ही पाठमोऱ्या बसला होतात. मी म्हटलं, "हाक मारता आली नाही?" तुम्ही वळला नाहीत. म्हणालात, "हे हाक मारून सांगता येत नाही गं. म्हणून बघितलं, तुझं ते कसं चालतं."

मग आपण दोघींनी बाजू बदलल्या. मीच तुमच्या मागं लागले, की गटावर लिहा. लोक येतील, धीर देतील, कुणाला कुठला डॉक्टर माहीत असेल. तुम्हीच शिकवलंत ना, की न विचारणाऱ्यालाही कळायला हवं? तुम्ही मान हलवायचात. "फळ्यावर लिहिलं की सगळे हवामान सोडून माझंच विचारतील. लोकांचं भात भिजेल." आजारपण वाढलं तसं हजेरीचं बटण माझ्याकडून दाबून घ्यायला लागलात. शब्द तुमचे, बोट माझं. मग तेही थांबलं. लोक विचारत राहिले, की आक्का कुठं आहेत, आणि तुम्ही म्हणायचात, "राहू दे, सर्दी झालीय असं समजतील."

मी एकदा विचारलं, "आणि पुढं? तेव्हा तरी लिहू ना?" मला 'मेल्यावर' म्हणता आलं नाही. तुम्हाला मात्र ऐकू आलं. "मयताचा सांगावा घरी जातो," तुम्ही म्हणालात. "चावडीवर लिहून लावत नाहीत. तुझी ती ईमेल आहे ना, तिनं कळव. एकेकाला, नावानिशी." मी म्हटलं, "म्हणजे हरलात?" तुम्ही डोळे मिटून हसलात आणि म्हणालात, "बघू."

त्या 'बघू'चा अर्थ मला काल कळला, असं वाटतंय. पण आधी बाकीचं सांगते.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी तुमच्या खुर्चीत बसून गटातल्या लोकांना मेल लिहिल्या. सगळ्यांना एकच पाठवता आली असती. नाही पाठवली. प्रत्येकाचं नाव घातलं, प्रत्येकाला तुमची एखादी आठवण लिहिली. कामाची सवय हातात असते. लोक आले. कामशेतची ती बाई आली, माझ्या गळ्यात पडून रडली. पवनानगरची जीपवाली मंडळी आली. दहाव्याला काठावर जागा पुरली नाही. मी मनात म्हटलं, बघा वन्सं, माझ्या पद्धतीनं किती माणसं आली.

परवा संध्याकाळी पाहुणे गेल्यावर हे म्हणाले, "ताईचा तो ग्रुप आता बंद करून टाक. उगाच कशाला भूत ठेवायचं." मलाही पटलं. तुमच्याशिवाय तो फळा माझ्याच्यानं बघवणार नव्हता. बंद करायला म्हणून उघडला.

सगळे गप्प होते. मी मेल पाठवलेल्या दिवसापासून कुणीच लिहिलं नव्हतं. ज्यांना कळलं ते मुकाट झाले होते. आणि त्या मोकळ्या फळ्यावर रोज सकाळी एकच ओळ होती. "हितं ऊन. आक्का, बऱ्या हाव ना?" दुसऱ्या दिवशी, "हितं ढग. आक्का?" मग पुन्हा ऊन. परवाच्या सकाळी, तुमचे पिंड काठावर मांडले जात होते तेव्हा, "हितं ऊन. तुमच्याकडं?"

बबनभाऊंकडं ईमेलचा पत्ताच नव्हता, वन्सं. सगळ्यांना नावानिशी कळवलं आणि एक सोयरा सुटला. तुमच्या खुर्चीत बसून मी मोठ्यानं रडले, दहा दिवसांत पहिल्यांदा. हे धावत आले, त्यांना वाटलं विजेचा झटका बसला.

तिथल्या तिथं खाली लिहिता आलं असतं, की भाऊ, आक्का गेल्या. दोन शब्दांचं काम होतं. पण सांगावा घरी जातो, हे तुमचे शब्द. काल सकाळी लोकलनं कामशेतला उतरले, जीपनं पवनानगर आणि पुढं चालत. तुम्हाला गुडघ्यांमुळं कधी जाता आलं नाही त्या वाडीत मी पहिल्यांदा गेले. बबनभाऊ खळ्यावर भात झोडत होते. मला एकटीला बघून हातातली पेंढी खाली ठेवली.

"भाऊ, वन्सं गेल्या," मी म्हटलं. "दहावा झाला. तुम्हाला कळवायचं राहिलं."

त्यांनी अंगावरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "कळलं व्हतं मला. सगळी एकदम गप झाली तवाच कळलं."

"मग रोज लिहीत कशाला होतात?"

"सांगावा न्हाई आला ना, वहिनी. सांगावा आल्याबिगर मानूस गेलं असं कसं म्हनायचं? येईस्तवर जित्तंच धरायचं. आन् समदीच गप बसली, तर आक्काच्या फळ्यावर हजेरी कुनी द्यायची?"

त्यांनी दारातल्या पिंपातून तांब्या भरला आणि अंगातल्या कपड्यानिशी डोक्यावर पाणी ओतून घेतलं, घरचं माणूस गेल्याचं कानावर आल्यावर करतात तसं. सुनेनंही घेतलं. ना नात्याची, ना गोत्याची ही माणसं, माझ्यासमोर तुमच्या नावानं ओलीचिंब उभी होती. वन्सं, एवढ्या मेल मी पाठवल्या, तुमचं सुतक धरायला आमच्याबाहेरचं कुणी पुढं आलं असेल तर ते हे घर. आणि त्याचा पत्ता माझ्याकडं नव्हता.

येताना जीपमध्ये एकच विचार डोक्यात होता. बबनभाऊंकडं ईमेल नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. गटातल्या प्रत्येकाची कुंडली तुम्हाला पाठ. मग विसरलात, की मुद्दाम मला तसं सांगितलंत? एक माणूस सुटेल, मी फळा उघडेन आणि मग मला तो बंद करता येणार नाही, हे त्या 'बघू'त होतं का? खरं सांगायला आता तुम्ही नाही. असतात तरी सांगितलं नसतं, कप खाली ठेवला असतात.

एक मात्र सांगायचं राहून गेलं, ते इथं सांगते. मी या घरात आले तेव्हा सगळ्यांनी घाबरवलं होतं, की घरात बिनलग्नाची नणंद आहे, जपून राहा. मला हॉटेलात नोकरी मिळाली तेव्हा सासूबाई नको म्हणाल्या. तुम्ही भाकरी थापता थापता, मागं वळूनही न बघता म्हणालात, "ती जाईल. सकाळचा स्वयंपाक मी करीन." आणि केलात, कितीतरी वर्षं, स्वतःची ड्युटी सांभाळून. मी ईमेल शिकले, इंग्रजी शिकले, तुमच्याशी वाद घालण्याइतकी शहाणी झाले ती त्या भाकरीवर. याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. समोर म्हणवलं नाही, मेलवर लिहिणं हास्यास्पद वाटलं असतं, आणि फळ्यावर तर मी लिहीतच नव्हते. म्हणून आज फळ्यावर लिहिते, सगळ्यांनी वाचावं. वन्सं, तुम्ही होतात म्हणून मी आहे.

आपला वाद मिटला असं मी म्हणणार नाही. मयत दारातच जाऊन सांगावं, हे माझं. पण मागं राहिलेल्यांना एकत्र बसायला जागा लागते, हे तुमचं. दोन्ही खरं आहे असं म्हणून तोडगा काढला तर तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. तुम्हाला निकाल लागायला हवा असायचा. नाही लागला. मला बरंच आहे ते. वाद चालू आहे तोवर सकाळच्या चहाला तुमची जागा आहे.

फळा बंद केला नाही. आज सकाळी पहिल्या चहाच्या आधी तुमच्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत माझ्या नावानं पहिल्यांदा लिहिलं, आणि लिहिताना शब्द तुमचेच आले.

"तुंगार्लीत धुकं. वन्सं नाहीत. तुमच्याकडं?"

बराच वेळ काही आलं नाही. चहा गार झाला. मग कामशेतच्या बाईनं लिहिलं, ऊन. पवनानगरहून आलं, ढगाळ, भात झाका. मागोमाग एकेक गाव जागं झालं, आणि सगळ्यांच्या शेवटी, एका बोटानं लिहिलेलं,

"हितं ऊन. वहिनी, बऱ्या हाव ना?"